चंद्री आणि मामाजींचा कूलर

आमच्या गायीने कूलर खाल्ला. अख्खा नाही, पत्रा, पंखा आणि पाण्याची मोटर तिने आमच्यासाठी ठेवली.

पण एकदम गायीवर जायला नको, आधी माझ्या जिभेकडे वळू. (आमच्या घरातल्या सगळ्या अपघातांचा उगम तिथेच असतो, असं बायकोचं ठाम मत आहे.) बुद्ध पौर्णिमेला आमच्या वस्तीच्या विहारात खीर असते. दरवर्षी दूध बाहेरून विकत यायचं. यंदाच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष मेश्राम गुरुजींनी सहज विचारलं, "दुधाचं कसं कराचं?" आणि मी उभा राहिलो. मला कोणी उठवलं नव्हतं!

"गुरुजी, गावात आपली डेअरी असताना बाहेरचं दूध कायले? सारं दूध माझ्याकडून!"

टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकताना माणसाची अक्कल चरायला जाते. कारण 'आपली डेअरी' म्हणजे चंद्री नावाची एक संकरित गाय आणि काळी नावाची एक म्हैस. त्यातली काळी तेव्हा आटलेली होती आणि फक्त खाण्याचं खातं सांभाळत होती.

वर वैशाख! भंडाऱ्याच्या वैशाखात माणूस सावलीतसुद्धा भाजून निघतो. चंद्रीचे पूर्वज कुठल्या तरी थंड देशातले. ती जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली, पेंड हुंगून सोडू लागली आणि दूध दिवसेंदिवस उतरू लागलं. धार माझी बायको सुनीता काढते. (मला धार जमत नाही. मी व्यवस्थापन पाहतो.) एका सकाळी तिने बादली माझ्या नाकासमोर धरली.

"पाहा. एवढ्यात खीर होते का वस्तीची?"

"मंग आता?"

"मंग काय? टाळ्या उकळा!"

मी लगेच मोबाइलवर व्हिडिओ पाहायला बसलो. व्यवस्थापनाचा तो महत्त्वाचा भाग आहे. परदेशातल्या गोठ्यांत म्हणे गायींना पंखे असतात, पाण्याचे फवारे असतात आणि दुधाला तोटा नसतो. आमच्या घरी थंडाव्याचं यंत्र एकच होतं: गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी लेकीसाठी तुमसरहून आणून दिलेला पत्र्याचा कूलर. तो मी ढकलत ढकलत अंगणापर्यंत आणला, तर अंगणालगतच्या सपरीत खाटेवर पडलेली माय उठून बसली.

"काहून रे मिलिंद, कूलर कुठी नेऊन राहिला?"

"चंद्रीले."

"अन् मले?"

"माय, तू दूध देते का?"

(हे वाक्य बोलायला नको होतं. ताटात भाजी पडली नाही तेव्हा ते लक्षात आलं.)

कूलर मात्र लागू पडला! चंद्री त्याच्यासमोर डोळे मिटून उभी राहायची आणि बादली पुन्हा काठाकडे सरकू लागली. मी गावभर मान ताठ करून फिरलो. एवढ्यात मायने आपली खाट उचलून गोठ्यात आणली. मग सुनीता तांदूळ निवडायला तिथेच बसू लागली. तिच्या मागोमाग शेजारच्या दोघी-तिघी आल्या. गोठ्यात अशी गर्दी झाली, की व्यवस्थापकाला काळीच्या शेपटीमागे जागा मिळाली आणि तिथे हवा येत होती, पण ती कूलरची नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सासरे आले. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. ते एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचतो. घामाने निथळत ते रिकाम्या घरात उभे राहिले.

"जवाई, कूलर कुठी हाय?"

"गोठ्यात."

"सुनीता?"

"गोठ्यात."

"इहिनबाई?"

"त्या बी गोठ्यात."

"मंग तुम्ही एकटे घरात काहून?"

"मामाजी, तिथी जागा नाही."

ते तरातरा गोठ्यात गेले. चंद्रीकडे बघितलं, कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा कूलर मी कोनाले देल्ला होता?"

"सुनीताले. पण मामाजी, हे शास्त्र हाय! गाय थंडी राहिली का दूध वाढते."

मामाजींनी खुर्ची ओढली आणि बसले. "बरं. मंग शास्त्र जरा इकडं वळवा."

थोडी हवा लागल्यावर त्यांनी नाक मुरडलं. "ताट्या सडल्या ना बाप्पा याच्या! वास येऊन राहिला." सासऱ्यापुढे कमी पडायचं नाही म्हणून मी त्याच उन्हात भंडाऱ्याला जाऊन खसच्या नव्या कोऱ्या ताट्या आणल्या. अस्सल वाळा! कूलरच्या बाजूंना त्या बसवल्या, पाणी सोडलं आणि गोठा असा घमघमला की शेणसुद्धा लाजलं असेल. चंद्रीने पहिल्यांदाच डोळे उघडले. हवा नीट लागावी म्हणून मी कूलर तिच्या अगदी तोंडाजवळ सरकवला. मग मामाजींच्या पाहुणचारासाठी आम्ही सगळे घरात जेवायला गेलो.

आता गायीच्या बाजूने विचार करा. ती वर्षभर धानाचं कोरडं तणीस चघळते आहे. अशात कोणी तिच्या तोंडाशी ओलं, गार, सुगंधी गवत चौकटीत उभं करून ठेवतं आणि वर पंखाही लावून देतं! लग्नाच्या पंगतीतसुद्धा इतका आग्रह होत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा कूलर गरम हवा फेकत होता. त्याच्या तिन्ही बाजू उघड्या पडल्या होत्या आणि चंद्रीच्या तोंडातून वाळ्याची शेवटची काडी लोंबत होती. (तीही आमच्या डोळ्यांदेखत आत गेली.)

"आगा बापा! तार तं नाही गेली पोटात?" सुनीता किंचाळली.

खीर गेली, टाळ्या गेल्या, पण चंद्री गेली तर? ताटीला तारेची जाळी असते, आणि गायीच्या पोटात तार गेली तर काय होतं ते मला ठाऊक होतं. मामाजी चौकटी सोडवून जाळ्या तपासायला लागले. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टरसाहेब, गायीने कूलर खाल्ला!"

"कोनत्या कंपनीचा?"

"मजाक नाही हो! खसच्या ताट्या खाल्ल्या!"

"तार खाल्ली का?"

तेवढ्यात मामाजी गरजले, "जाळ्या साबूत हाय!" डॉक्टरांना ते फोनशिवायही ऐकू गेलं असावं.

"मंग कायले घाबरता? खस गवतच हाय ना. गाय गवत खाते, तिचा धंदाच तो. पोट फुगलं का?"

मी चंद्रीच्या पोटाला कान लावला. तिने शेणाने माखलेली शेपटी माझ्या तोंडावर मारली.

"नाही, तब्येत चांगली हाय," मी तोंड पुसत म्हणालो.

संध्याकाळी बादली भरली. आमच्या जिवात जीव आला, आणि मायने चहाचा पहिला घोट घेतल्याबरोबर पुन्हा गेला.

"हे काय शरबत हाय का बे?"

दुधाला वाळ्याचा वास येत होता! बारीकसारीक नाही, खणखणीत! सकाळच्या धारेलाही तोच. दुसरं दूध आणावं, तर पौर्णिमेच्या दिवशी गावोगावच्या विहारांत खिरी शिजत होत्या. कुठे पेलाभर दूध शिल्लक नव्हतं. मी विलायचीची अख्खी पुडी दुधाच्या गंजात उपडी केली. त्याने वास गेला नाही, फक्त त्याला सोबत मिळाली.

"गुरुजीले खरं सांगून टाका," सुनीता म्हणाली.

"सांगतो. पहिले खाऊन तं होऊ दे."

विहारात वंदना झाली, पंगत बसली, खीर वाढली गेली. मी दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. पळायला सोपं पडतं. गुरुजींनी पहिला घास घेतला. वाटी नाकाशी नेली.

"मिलिंद, इकडं ये. यात काय टाकलं?"

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडलं. आवाज मामाजींचा आला.

"कूलर!"

आणि मग माझ्या सासऱ्याने चंद्री, ताट्या, शास्त्र आणि विलायची, सगळं शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं. एकही थांबा गाळला नाही. मी चपला शोधू लागलो. (मिळाली ती एकच, आणि तीही बाईमाणसाची.)

गुरुजींनी उरलेली खीर संपवली, बोटं चाटली आणि वाटी पुढे केली.

"आणखी वाढा."

मग काय! वस्तीतल्या म्हाताऱ्या वाट्या घेऊन उठल्या, पोट्ट्यांनी गंज पुसून खाल्ला. "असा थंडा वास तं कधी खिरीले आला नाही बावा," म्हणत लोक गेले. माझा शब्द राहिला होता. माझे डोळे भरून आले, आणि ते फक्त उन्हाने नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी माणसं उभी! प्रत्येकाच्या बगलेत कूलरच्या जुन्या ताट्या. "भाऊ, आमच्या पोरीचं लगन हाय, बासुंदीले तसंच दूध पायजे. एवढ्या ताट्या चंद्रीले चारा." तोवर मागून दुसरा, "पहिले आमच्या चारा! आमच्या घरी वास्तू हाय." काही ताट्यांवर शेवाळ होतं, एकीत चिमणीचं घरटं. चंद्रीने एकेक हुंगली, जोरात शिंकली आणि पाठ फिरवून मुकाट्याने तणीस खाऊ लागली.

लोक ताट्या तिथेच टाकून गेले. सुनीताने त्या ढिगातल्या तीन बऱ्या निवडल्या, धुऊन सुतळीने बांधल्या आणि मामाजींनी कूलर घरात नेऊन सुरू केला. मी त्याच्यासमोर आडवा झालो. गार हवा आली. दुग्धव्यवसायात पडल्यापासून त्या धंद्यातून माझ्या घरात आलेली ही पहिली मिळकत!