येतेताई

विमानतळावर माझ्या वहिनीचं खरं नाव फार तर हजेरीच्या यंत्राला माहीत असेल. बाकी सगळे तिला येतेताई म्हणतात. सुरक्षा तपासणीवाले, सफाईवाले, गेटवरच्या मुली, सगळेच. कारण सरळ आहे, बाईच्या तोंडून 'जाते' हा शब्द कधी निघतच नाही. डबा खायला चालली, 'येते'. ड्यूटी संपवून घरी निघाली, 'येते'. एकदा साहेबांशी कडाक्याचं भांडण झालं, 'नको मला तुमची नोकरी' असं ठणकावून ती पाय आपटत निघाली आणि दारात वळून म्हणाली, 'येते!' साहेबांनाच हसू फुटलं. नोकरी वाचली.

निघताना आपण सगळेच 'येतो' म्हणतो, त्यात नवल काही नाही. पण आपल्या तोंडून कधीमधी 'जातो' निसटतंच. वहिनीच्या नाही निसटत. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा ती 'जाते हं' म्हणाली होती. आमच्या आईनं तिला हातातल्या बॅगेसकट परत आत बोलावलं, पुन्हा निघायला लावलं आणि 'येते' म्हणवून घेतलं. तिथून जो तिनं कानाला खडा लावला तो आजतागायत.

आमचा विमानतळ अवाढव्य आहे. इथं येणाऱ्या निम्म्या लोकांना इथं यायचंच नसतं. एका विमानातून उतरायचं, दुसरं पकडायचं आणि पुढं निघून जायचं. मधला वेळ कुणाला पुरत नाही, कुणाला खायला उठतो. अशा लोकांच्या दालनात वहिनी बॅटरीची गाडी चालवते. म्हातारी माणसं, गुडघेदुखीवाले, झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेल्या आया, यांना एका गेटवरून दुसऱ्या गेटवर पोहोचवायचं. माझा कॉफीचा ठेला तिच्या गाडीच्या थांब्यासमोरच आहे. म्हणजे घरी वहिनी, कामावर वहिनी. माझा भाऊ म्हणतो, तुझ्या वाट्याला ती माझ्यापेक्षा जास्त येते. मी म्हणतो, मग घे बदलून.

पण बाई कामाला वाघ आहे, हे मात्र कबूल करायलाच हवं. प्रवासी गाडीत बसला की दुसरे चालक विचारतात, 'गेट कुठलं?' वहिनी विचारते, 'कुणाकडे निघालात?' समोरचा सांगायला लागतो, तेवढ्यात त्याच्या हातातला बोर्डिंग पास ती स्वतःच वाचून घेते. मी एकदा तिला म्हटलं, कशाला नसत्या चौकशा? तर म्हणाली, "भाऊजी, घाबरलेलं माणूस नंबर विसरतं. कुणाकडे चाललंय ते नाही विसरत."

त्या दिवशी सकाळी तिनं जे आजोबा आणले त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. हे मला कसं कळलं? गाडी थांबायच्या आतच त्यांची शिकवणी माझ्या कानावर आली. "वळताना आधी आरसा बघायचा, बाई. आरसा असतो कशाला? जन्मभर शाळेची बस चालवलीय मी." वहिनीला गाडी चालवण्याबद्दल कुणी बोललेलं खपत नाही. पण आजोबांना तिनं, "हो गुरुजी," असं मुकाट्यानं म्हटलं, तेव्हाच मी समजलो की म्हातारा तिला आवडलाय.

आजोबांचं पहिलं विमान उशिरा उतरलं होतं आणि दुसरं सुटायला फार वेळ नव्हता. ते मुलाकडे निघाले होते. बापलेकात कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मध्ये एकदा मुलानं बोलावलं होतं, तेव्हा यांनी येतो येतो म्हणून ऐनवेळी हट्टानं पाय मागे घेतला. तो तिकडे विमानतळावर वाट बघून परत गेला. आता त्यानं पुन्हा बोलावलं होतं. त्यात यांचा फोन पहिल्या विमानातच बंद पडला, आणि मुलाचा नंबर त्या फोनच्या पोटात.

"आज मी उतरलो नाही ना," आजोबा वहिनीला म्हणाले, "तर तो समजेल, म्हाताऱ्यानं परत तेच केलं. तिसऱ्यांदा नाही बोलावणार तो. त्याच्या जागी मी असतो तर मीही नसतं बोलावलं."

"असं कसं उतरणार नाही?" वहिनी म्हणाली. "मी आहे ना."

आणि नेमकी तेव्हाच गाडीच्या बॅटरीनं मान टाकली. माझ्या ठेल्यासमोरच. वहिनीनं आजोबांना खुर्चीत बसवलं, मला त्यांना कॉफी द्यायला सांगितलं आणि दुसरी गाडी आणायला निघाली. निघताना म्हणाली, "आजोबा, येते हं मी."

आजोबा उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "फार केलंत, बाई."

वहिनीनंही घाईघाईत हात जोडले आणि पळाली.

तेवढ्यात माझ्या ठेल्यावर खेळाडू मुलींचा एक अख्खा संघ येऊन थडकला. एकीला साखर कमी, एकीला दूध नको, एकीला नुसतं गरम पाणी. माझ्या नाकी नऊ आले. मान वर केली तेव्हा वहिनी दुसरी गाडी घेऊन समोर उभी होती, आणि आजोबांच्या खुर्चीवर अर्धी कॉफी.

"भाऊजी, आजोबा कुठायत?"

"मला काय विचारतेस? मी कॉफी विकतो, माणसं राखत नाही."

"अहो, त्यांचं गेट बदललंय! तेच सांगायला आले मी."

ती खुर्चीकडे बघत राहिली. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! हात जोडले त्यांनी. मी पण जोडले. वर 'येते' म्हणाले. त्यांना वाटलं, मी निरोप घेतला!"

इतकी वर्षं 'येते, येते' करत सगळ्या विमानतळाला तिनं पिडलं होतं, पण त्याचं कधी काही बिघडलं नव्हतं. आणि ज्या एका दिवशी तिला खरोखरच परत यायचं होतं, त्याच दिवशी ऐकणाऱ्यानं तो शब्द अगदी रीतसर निरोप म्हणून घेतला. चूक कुणाची म्हणायची? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

"छापलेल्या गेटवर गेले असणार," ती म्हणाली. "आपल्याला सोडून गेले असं वाटलं की माणूस हातातल्या कागदालाच धरून चालतं. बसा मागं."

"मी? माझा ठेला?"

"बसा म्हणते ना!"

वहिनी 'म्हणते ना' म्हणाली की आमच्या घरात वाद संपतो. शेजारच्या पुस्तकवालीला गल्ल्याकडे लक्ष ठेवायला सांगून मी ॲप्रनसकट मागच्या सीटवर बसलो. 'बाजूला! बाजूला!' करत गाडी निघाली. या गाड्यांचा वेग म्हणजे काय सांगावं, बॅगा ओढत पळणारी माणसं आमच्या पुढं जात होती. त्यात छापलेलं गेट पलीकडच्या इमारतीत, मध्ये दोन इमारतींना जोडणारी छोटी रेल्वे, तिच्यात गाडी चढत नाही. वहिनीनं गाडी कडेला लावली आणि धावायला लागली. दोन्ही गुडघे दुखतात तिचे, रोज घरी तेल लावून बसलेली असते. पण त्या दिवशी ती पुढं आणि मी धापा टाकत मागं.

आजोबा सापडले. त्या गेटवर कुणीही नव्हतं. फलकावर भलत्याच शहराचं नाव, टेबलामागं कुणी नाही, आणि रिकाम्या टेबलापुढं बॅग छातीशी धरून आजोबा उभे. आम्हाला बघूनही त्यांचा चेहरा बदलला नाही.

"गेलं हो विमान," ते म्हणाले.

"कुठं गेलं? गेट बदललंय नुसतं. चला!"

"पण तुम्ही तर गेला होतात."

"गेले नव्हते. येते म्हणाले होते ना मी?"

"हो, पण येते म्हणजे…" आजोबा अडखळले. "सगळेच म्हणतात तसं."

"येते म्हणजे येते!" वहिनी इतक्या जोरात ओरडली की लांब झोपलेला एक प्रवासी उठून बसला.

आजोबांचा हात धरून तिनं त्यांना रेल्वेत चढवलं आणि वॉकीटॉकीवर गेटवरच्या मुलीला गाठलं. "माझे एक आजोबा येतायत. दार लावू नकोस, बाई."

"येतेताई, तुझं येते म्हणजे नक्की कधी?" तिकडून आवाज आला. "माझ्या डोक्यावर साहेब उभे आहेत."

"आलेच!"

रेल्वेत दोन मिनिटं उभं राहण्यापलीकडे कुणाला काही करता येत नव्हतं. आजोबा खांब धरून उभे होते. अचानक म्हणाले, "तो घरातून गेला ना, तेव्हा जातो म्हणून गेला." आम्हाला आधी कळलंच नाही. "मुलगा. भांडण चिक्कार झालं होतं. दोन्हीकडून झालं, मीही कमी नाही. पण दारातून निघताना एरवी पोरगं 'येतो बाबा' म्हणायचं. भाजी आणायला गेलं तरी म्हणायचं. त्या दिवशी म्हणाला, 'जातो मी.' भांडणात काय काय बोलला ते मी केव्हाच विसरलो. तो एक शब्द जात नाही बघा."

वहिनी एरवी कुणाला बोलण्यात हार जात नाही. त्या वेळी मात्र तिनं आजोबांच्या हातातली बॅग काढून आपल्या खांद्यावर घेतली.

पुढचं मला नीट आठवतही नाही. गाडी, 'बाजूला, बाजूला', आजोबांचं 'आरसा बघा', वहिनीचं 'आज नाही बघत!' गेटवरची मुलगी एक हात दारावर ठेवून उभी होती आणि तिच्या मागं साहेब घड्याळाकडे बघत होते. आजोबा आत शिरले. दोन पावलं गेले, मग वळले. वहिनीकडे बघून म्हणाले, "येतो."

दार लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला. वहिनी तिथंच खुर्चीत बसून गुडघे चोळायला लागली आणि रडायलाही लागली. मी म्हटलं, अगं, बसले ना ते विमानात? तर म्हणाली, "म्हणूनच."

या प्रकारानंतर तिला साहेबांची तंबी मिळाली. प्रवाशाला सोडून जाताना स्पष्ट सांगायचं, 'इथंच बसा, मी परत येणार आहे.' चार दिवस तिनं ते म्हणून बघितलं. तिच्या तोंडून ते असं यायचं जसं काही लाउडस्पीकरच बोलतोय. आणि रोज डबा खाताना मला विचारायची, "आला असेल ना हो मुलगा घ्यायला?" मी वैतागून म्हणायचो, "मला काय तार आली का?" पण खरं सांगतो, मलाही तेच वाटत असायचं. हजारो माणसं रोज इथून पुढं जातात, आणि पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. आमच्या नोकरीतली ही एकच गोष्ट मला अजून पचलेली नाही.

मध्ये बरेच महिने गेले. एक दिवस दुपारी ठेल्यावर कुणीतरी म्हणालं, "एक कॉफी. मागची अर्धीच राहिली होती."

आजोबा! अंगावर नवा स्वेटर, गालही जरा भरलेले. परतीच्या वाटेवर होते, विमान बदलायला उतरले होते. मी वहिनीला हाक मारली ती पार सुरक्षा तपासणीपर्यंत ऐकू गेली असेल. ती आली, आणि नमस्कार नाही, विचारपूस नाही, थेट म्हणाली, "आला होता?"

"आला होता," आजोबा म्हणाले. "माझ्या आधी दोन तास येऊन उभा होता."

मग ते बसले, कॉफीचा घोट घेतला आणि काल मुलाच्या घरून निघतानाचं सांगायला लागले. निघताना जीव जड झाला होता. बॅग उचलली आणि तोंडातून निघून गेलं, 'बरं, जातो मी.' नात दारात उभी होती. अजून बोबडं बोलते. तिनं त्यांचा स्वेटरच धरला.

"म्हणाली, 'आजोबा, जातो नाही म्हणायचं. येतो म्हणायचं.' मी विचारलं, 'कुणी शिकवलं गं?' तर म्हणाली, 'बाबांनी. बाबा म्हणतात, जातो म्हटलं ना, की परत यायला खूप खूप दिवस लागतात.'"

आजोबांनी कपात बघितलं. "मुलगा तिथंच उभा होता. मी आपला परत आत गेलो, बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हटलं, येतो."

वहिनीचं नाक लाल झालं होतं. माझंही झालं असेल, मी मशीन पुसायला घेतलं. मग तिला एकदम कामाची आठवण झाली. तिनं आजोबांचा बोर्डिंग पास वाचला, गेट कुठलं ते फलकावर बघितलं, पुन्हा एकदा बघितलं.

"लांब आहे. गाडी आणायला हवी," ती म्हणाली. साहेबांनी शिकवलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते तिनं गिळलं.

"आजोबा, येते हं मी."

आजोबांनी हात जोडले नाहीत, उठलेही नाहीत. बूट सैल केले, पाय लांब केले आणि कॉफीचा कप पुन्हा हातात घेतला.

"या," ते म्हणाले. "बसलोय मी."