दुसरी सही

लग्नाला गेलेला माणूस आधी नवरा-नवरी बघतो, नाहीतर पंगत कुठे बसलीय ते बघतो. निवृत्तीतात्या आधी आहेर बघायचे. शर्टपीस-पँटपीसचे खोके रचून ठेवलेले असत तिथे जायचं, एकेक खोका उचलून उजेडाकडे तिरपा धरायचा आणि त्याच्या पारदर्शक झाकणावर ओरखडा नाही ना, ते एक डोळा मिटून पाहायचं. पसंत पडलं की यजमानाला गाठून सरळ मागणी, "कापड तुमचं, झाकान माजं." बेल्ह्याच्या एका लग्नात नवरीच्या मामाने त्यांची गचांडीच धरली. तात्यांनी शांतपणे खिशातून दुसरं एक झाकण काढलं आणि हे का वाईट, ते का चांगलं, हे त्याला समजावून सांगायला लागले. मामाने हात जोडून त्यांना झाकणासकट जाऊ दिलं.

माझं घोडेगावात चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, चष्मा करून द्यायचा. तात्या शिनोलीचे. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक. बसा म्हटलं, तर उभ्यानेच विचारलं, "काच पुसायला कंचं फडकं वापरता?" मी दाखवलं. त्यांनी ते बोटांत चोळलं, गालावर घासून पाहिलं आणि म्हणाले, "बरं हाय. पन लई न्हाई." पुढे तीन वर्षं या माणसाने माझं डोकं खाल्लं.

तात्या हवाई दलात फिटर होते. मिग विमानांवर त्यांनी उमेदीची वर्षं घातली. पायलटच्या बैठकीवर पारदर्शक टोपण असतं, त्याला कॅनॉपी म्हणतात. तात्या तिला काचच म्हणायचे. ती पुसणं, घासणं, तपासणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला, आपण ज्याची काच पुसली तसं विमान स्वतःच्या हाताने करायचं. हातभर लांबीचं, शिवणीच्या लाकडाचं, वर तुपाच्या डब्याचा पत्रा. ते विमान वर्षभरात झालं. इतकं देखणं झालं की मी म्हटलं, तात्या, द्या मला, दुकानात ठेवतो. तर म्हणाले, "बोडकं हाय आजून. काच कुठं हाय?"

तीच काच होईना. लाकडाचा साचा कोरायचा, त्याला सुतार भरतात ती लांबी भरून आरशासारखा घासायचा, कारण लाकडाची एक रेघ राहिली तरी ती गरम प्लास्टिकवर उमटते. मग आहेराचं झाकण चौकटीत खिळवून शेगडीवर धरायचं आणि ते पापडासारखं मऊ पडलं की एका दमात साच्यावर ओढायचं. जरा जास्त तापलं तर बुडबुडे. जरा कमी तापलं तर पांढुरका पट्टा. सगळं जमलं तर नेमकी त्याच वेळी तात्यांच्या बायकोने, सीताकाकूंनी, शेजारी मिरच्यांना फोडणी दिलेली असायची आणि एखादा कण येऊन बसायचा. "टिपका बसला," म्हणून तात्या ती काच बाजूला टाकायचे. मी म्हणायचो, "अहो, या विमानात बसणार कोण आहे? झुरळ?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "राव, आभाळात टिपका दिसला की पायलट समजतो दुश्मन आला. टिपका काचंवरचा निघाला तर गडी फुकट वळतो. आन् खरा दुश्मन मागून येतो."

आणि या उपद्व्यापात त्यांनी मला ओढलं ते असं. त्यांच्या नोकरीत नियम होता, काम एकाने करायचं, तपासायचं दुसऱ्याने, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय विमान हलायचं नाही. "करनाऱ्यानं आपल्याच कामाला पास म्हनायचं न्हाई. दुसरी सही पायजे." शिनोलीत भिंगातून काच बघणारा दुसरा कोण मिळणार? मीच. त्यांनी शंभरपानी वही आणली, रकाने आखले: नंबर, दोष, पहिली सही, दुसरी सही. काच झाली की एसटीने यायचे, रुमालातून काच काढायचे आणि गिऱ्हाइकं खोळंबवून माझ्याकडून तपासून घ्यायचे. मीही खुळा. भिंग लावून खरंच बघायचो आणि खरं तेच लिहायचो. सत्तावीस काचा मी नापास केल्या. दर वेळी तात्या खूश! "आसा इन्स्पेक्टर पायजे," म्हणायचे.

एकदा एका सार्जंटने घाईत असताना न बघता सही कर म्हटलं, तेव्हा तात्यांनी पेन खाली ठेवलं होतं. "म्या म्हनलं, बदली करा, सही व्हनार न्हाई." हे सांगताना म्हातारा असा ताठ बसायचा की आपणही नकळत पाठ सरळ करावी.

अठ्ठाविसाव्या काचेच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की तात्या काच बघताना मान वाकडी करतायत. खुर्चीत बसवून तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजव्यातला तर पार पिकलेला. मी स्पष्ट सांगितलं, "हा असाच फुगत गेला तर आतलं प्रेशर वाढेल. मग गेलेली नजर ब्रह्मदेव आला तरी परत येणार नाही. या आठवड्यात मंचरला जाऊन ऑपरेशन करून घ्या." तात्या म्हणाले, "मग म्हैनाभर वाकायचं न्हाई, धुरात बसायचं न्हाई, आसंच ना? काच झाली की जातो." सीताकाकू दुसऱ्या दिवशी एकट्याच दुकानात आल्या. "माजं आयकत न्हाईत. तुमचं आयकत्यात. तुमीच सांगा." त्यांचं ऐकत नव्हता तो माझं कुठून ऐकणार! पण शब्द मात्र घेतला, ही काच पास झाली की दुसऱ्या दिवशी मंचर.

आणि खरंच झाली हो काच. काय सांगू! हातात धरली तर हातात काही आहे की नाही तेच कळेना. मी पाच वेळा भिंगाखाली फिरवली. एक कण नाही, एक लहर नाही. वहीत 'दोष नाही' लिहिलं आणि सही ठोकली. कडेला कापायच्या जागी तात्यांनी मार्करने रेघ मारली होती. कापून झालं, रेघ तेवढी राहिली. आता, आम्ही चष्म्याच्या काचेवर मार्करने खूण करतो आणि काम झालं की ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून टाकतो. आमच्या काचांना त्याने काही होत नाही. दिवसातून वीस वेळा करतो, हाताला सवयच. मी बोलता बोलता बोळा उचलला आणि ती रेघ पुसली.

डोळ्यांदेखत काच दुधासारखी पांढरी झाली.

कप्पाळ माझं! आहेराच्या खोक्याचं झाकण ते, त्याला ॲसिटोन कसं सोसणार? प्लास्टिकच्या काचा विकून पोट भरणारा मी, मला हे कळू नये? तात्यांनी काच परत घेतली, रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, "चूक हातानं झाली, मनानं न्हाई. आता येकोनतिसावी." मी म्हटलं, "तात्या, पाया पडतो, आधी मंचरला चला." तर म्हणे, शब्द काच पास झाल्यावरचा होता, काच कुठे आहे?

त्यानंतर नजर अंधूक होत गेली तशा काचा बिघडत गेल्या. बोटं भाजायला लागली. दोन महिन्यांनी एका सकाळी काकूंचा फोन आला, उजवा डोळा रात्रभर ठणकतोय, उलट्या होतायत. मंचरला नेईपर्यंत उजवी नजर गेली होती, कायमची. डॉक्टर म्हणाले, डावा तरी वेळेत आणा. आणि हा बाबा डोळ्याला पट्टी लावून पुन्हा शेगडीपाशी! मला असा संताप आला की वाटलं, जाऊन तो साचा चुलीत घालावा. पण त्या बोळ्याची आठवण झाली की माझी जीभ लुळी पडायची. एका डोळ्याची किंमत माझ्याही नावावर होतीच.

चौतिसावी काच घेऊन आले तेव्हा सीताकाकू हाताला धरून घेऊन आल्या होत्या. तात्यांनी काच माझ्यासमोर ठेवली. "मला काय नीट दिसंना. तुमी बगा. टिपका हाय का?"

होता. पुढच्या बाजूला उजवीकडे, मोहरीच्या चौथाईएवढा. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. काकूंनाही दिसला असावा, कारण त्या काच सोडून माझ्याकडे बघत होत्या. नापास म्हटलं असतं तर पस्तिसावी, मग छत्तिसावी, आणि तोवर डावा डोळाही गेला असता.

"नाही," मी म्हटलं. "स्वच्छ आहे."

"नीट बगा."

"बघितलं, तात्या." आणि मी वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी आम्ही मंचरला गेलो.

ऑपरेशन छान झालं. दहा-बारा दिवसांनी काळा चष्मा लावून तात्या एकटेच दुकानात आले, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं विमान. काच बसवून झाली होती. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं, चष्मा काढला, विमान उजेडाकडे फिरवलं आणि बरोबर त्या जागी नख टेकवलं.

"तुमाला दिसलं व्हतं?"

"हो."

"आन् सही केली?"

"केली. डोळा चालला होता तुमचा! काय करायला हवं होतं मी?" माझा आवाज चढला. दुकानात दोन माणसं बसली होती, ती उठून उभी राहिली. "उजवा माझ्यामुळे गेला, डावाही जाऊ द्यायचा होता?"

तात्यांनी मान हलवली. "उजवा माज्या हट्टानं गेला. त्याचं तुमच्यावर कायबी न्हाई." मग विमान परत टॉवेलात गुंडाळायला लागले. "पन डोळा माजा व्हता. सही तुमची व्हती. मला सांगायचं, तात्या, टिपका हाय, आन् म्या सही देनार न्हाई, पन दवाखान्यात चला. म्या आलो आसतो, न्हाईतर नसतो आलो. ते माजं म्या बगितलं आसतं."

नसतेच आले. मला पक्कं माहीत आहे, नसतेच आले. पण हे म्हणेपर्यंत ते पायरी उतरले होते.

ऑपरेशननंतर महिन्याने नवा नंबर लागतो. मी वाट पाहिली, चांगल्यातली फ्रेम काढून ठेवली. तात्यांनी चष्मा नारायणगावला दुसऱ्या दुकानात केला. सीताकाकूंनी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. विमानावरची काच तात्यांनी काढून टाकली आणि पुन्हा केली नाही. विचारलं तर म्हणायचे, सही करायला माणूस न्हाई.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. मी दोनदा शिनोलीला गेलो. चहा मिळाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, वहीचं नाव कुणी काढलं नाही. मी बरोबर केलं असं मला आजही वाटतं, आणि तरी आजही कुणी चष्मा चांगला झाला म्हटलं की मी तो परत मागून भिंगाखाली धरतो.

शेवटचे दिसले ते घोडेगावच्या स्टँडवर. बाजाराचा दिवस, मरणाची गर्दी. मी रस्त्याच्या अलीकडे रसवंतीपाशी, ते पलीकडे पिशवी घेऊन उभे. मधून टेम्पो, जीपा, माणसं. एवढ्या लांबून, एवढ्या गर्दीतून त्यांनी मला एका नजरेत ओळखलं. डोळा उत्तम होता. मी हात वर केला, तर ते वळले आणि शिनोलीवरून जाणाऱ्या तळेघरच्या एसटीवरची पाटी वाचून आत चढले.