लाल चिंधीची गाठ

“ही तुमची गाठ हाय, मावशी.”

गाय लिंबाखाली उभी होती. गुरांच्या डॉक्टरने तिची कूस चिरली होती, त्याचा हात खांद्यापर्यंत पोटात. तो पिशव्यांचे बोळे ओढून बाहेर टाकत होता आणि माझी शेजारीण एकेक बोळा पाण्याने धुऊन बघत होती. एकाला लाल चिंधी निघाली. झरीच्या बाजारात ताकाची पिशवी लुगड्याच्या लाल काठाने बांधणारी मी एकटीच.

“मंग? मी चारली व्हय तुझ्या गाईला?”

तिने पुढचा बोळा धुवायला घेतला. ताक त्याच गाईच्या दुधाचं. मीठ मी घालायचे, आणि मिठासाठीच जनावर पिशवी चघळतं. दिवस मावळायच्या आत गाय गेली. मागे सहा महिन्यांची कालवड राहिली.

महिनाभराने ही बाई परभणीला जाऊन मक्याच्या सत्त्वाची, जनावराच्या पोटात गेली तरी विरघळणारी पिशवी करायला शिकून आली. सत्त्व, पाणी, व्हिनेगर आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन पातेल्यात ढवळायचं, चिकट झालं की ताटावर पातळ पसरून वाळवायचं. कडा तापल्या उलथन्याने चिकटवायच्या. माणसं म्हणायची, पापड करायलीय.

तिच्या पहिल्या पिशवीत मी विकतच्या दुधाचं ताक भरलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. झरी यायच्या आत पिशवीची खीर झाली. शेजारी बसलेल्या मास्तरची विजार भिजली, ती वेगळीच.

“तुझ्या पिशवीत ताक न्यायचं म्हणजे चाळणीत पाणी न्यायचं,” मी घरी येऊन म्हणाले.

“आजून एकदा बघू,” ती म्हणाली. पदराला हात पुसायचा आणि हे म्हणायचं. पातेलं करपलं तरी तेच, पिशवी फाटली तरी तेच. मला राग यायचा.

शेंगदाण्याला तिची पिशवी चालली. पण बाजार तुम्हीही बघितलाय. गिऱ्हाईक तिची पिशवी घ्यायचं आणि फाटू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची मागायचं.

“मंग माजी कशाला घेता, दादा?”

“चांगलं काम करायलाव ना ताई, म्हणून.”

शेवटी तिने शहरातून तयार पिशव्या आणल्या. वर हिरवं पान छापलेलं, खाली लिहिलेलं, ‘मातीत मिसळते’. मी चौथी शिकलेली, तेवढं वाचता येतं. ताक टिकलं. मी खूश, ती नाही. तिने आखाडात एक पिशवी उकिरड्यात पुरली आणि दसऱ्याच्या आधी उकरली. पान तसंच हिरवं.

तिने पिशवीवरच्या नंबरला फोन लावला. माणूस म्हणाला, “बाई, ती आमच्या खताच्या भट्टीतच मुरते.”

“भट्टी कुठं हाय?”

“पुण्याकडे.”

“मंग माज्या कालवडीनं खाल्ल्यावर तिला पुण्याला न्यायची का?”

त्या दिवशी ती ‘आजून एकदा बघू’ म्हणाली नाही. उरलेल्या पिशव्या मी पुढचे दोन बाजार वापरल्या. खोटं कशाला बोलू.

गाय गेल्यापासून तिच्या घरात दुधाचा पैसा नव्हता. दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली. जाताना कालवडीचं दावं माझ्या हातात दिलं.

“माज्याकडं कशाला? माजीच पिशवी निघाली ना पोटातून?”

“म्हणूनच. तुमाला गाठ ओळखू येती.”

त्याला तीन पावसाळे झाले. तिकडेच कारखान्याजवळ राहिली म्हणतात. फोन लागत नाही.

मी आता बाजारात घागर नेते. तांब्या आणा, ताक न्या. निम्मं गिऱ्हाईक शिव्या देऊन पलीकडच्या पिशवीवालीकडे गेलं. येताना रस्त्यातल्या पिशव्या वेचते, कंबर मोडते. पुढच्या बाजाराला पुन्हा तेवढ्याच पडलेल्या असतात.

परवा कालवड व्याली. खरवस द्यायचा कुणाला, हा प्रश्न आला. शेजारच्या दाराला कुलूप.

गाय मेली. कालवड जगली.