रुखवतातला मॅमथ

गेल्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या सुमनचं लग्न झालं. इथंच निपाणीत, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. आमंत्रण होतं म्हणून मी गेलो नव्हतो... माझा हत्ती आत मांडलेला होता, म्हणून गेलो.

हत्ती कसला, ते सांगतो. बेळगावला प्रॅक्टिकलमध्ये सरांच्या अंगावर धावून गेलो आणि कॉलेज अर्ध्यात सुटलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हापासून मी एकच उद्योग करतोय. जत्रेतली प्लॅस्टिकची जनावरं आणायची, आणि त्यांची लाखो वर्षांपूर्वी संपलेली जनावरं करायची. वाघाला कंगव्याच्या दातांचे लांब सुळे, घोड्याला खुरांच्या जागी बोटं... पुस्तकातली चित्रं तेवढी डोक्यात राहिली, बाकीचं कॉलेज तिथंच राहिलं.

सगळ्यात चांगला साधला होता तो केसाळ हत्ती, मॅमथ. एका पाटावर दलदल केली होती, आणि त्यात तो पोटापर्यंत रुतलेला. असेच मेले म्हणे ते कितीतरी.

सुमन समोरच्या घरातली. दुपारी ती आणि तिची आई सावलीला आमच्या कट्ट्यावर बसून विड्या वळायच्या, आणि मी खिडकीत माझी जनावरं घेऊन. मांडीवर सूप, मान खाली... ती कधी वर बघायची नाही. मी मात्र बघायचो.

दिवाळीत हिंमत करून म्हणालो, वर्षभर थांब, काहीतरी करतो. तर म्हणते, "मला थांब म्हणतोस? तू कॉलेजात तरी थांबलास व्हय?" मी रागानं महिनाभर खिडकी लावून घेतली.

मग खानापूरचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून. ठरलंसुद्धा. आणि एक दिवस तिची आईच माझ्या दारात...

"त्यो केसाळ हत्ती दे की रं. रुखवतात मांडतो. कापसाचं बदक आन् मण्यांचं तोरण, दुसरं काय हाय आमच्याकडं? सुमननंच सांगितलंय, त्योच आण म्हणून."

रुखवतातलं सगळं नवरीच्या हातचं म्हणून मांडतात. ते तिनं बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. पाट उचलून दिला.

मांडवात गेलो तर हत्तीपुढं पुठ्ठा उभा केलेला... 'चि. सौ. कां. सुमन हिने केलेले'. माहीत होतं, तरी राग आला. अक्षतांच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, हे माझ्या हातचं आहे, असं तिथल्या तिथं ठरवलं. लोक काय अर्थ काढायचा तो काढू देत. लग्न मोडलं तर मोडू दे, असंच मनात होतं... खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. नवऱ्याची थोरली आत्या वाकली आणि शिंकली. एकदा नाही, शिंकतच सुटली. मागच्या दोघीही सुरू झाल्या.

दलदलीवर मी तंबाखूची भुकटी पसरली होती. वखारीच्या दारात पडलेली असते, रंग अगदी वाळत्या चिखलाचा. आम्हा निपाणीकरांना तंबाखूचा वास येत नाही, शिंक तर लांबच. खानापूरकडच्या माणसांचं काय होईल, हे डोक्यातच आलं नाही.

अक्षतांच्या तोंडावर शिंका... मांडवातला गलका थांबला, 'अपशकुन' असं कुणीतरी पुटपुटलं. सुमनची आई पांढरीफटक पडली.

"काय घातलंय गं ह्यात?" आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आन् लग्नात हे मरतंय जनावर? कुणी केलंय हे?"

कुणीतरी सुमनलाच बाहेर आणलं, मुंडावळ्यांसकट. आत्याबाई म्हणाल्या, "तू केलंस व्हय? मग सांग बघू कसं केलंस."

मी पुढं सरकलो. शब्द अगदी ओठांवर होते.

पण सुमन सांगायलाच लागली. सुळे दात घासायच्या ब्रशच्या दांड्याचे, रॉकेलच्या चिमणीवर धरून वाकवायचे आणि लगेच गार पाण्यात बुडवायचे, नाहीतर परत सरळ होतात. केस सुतळीचे... सुतळी उसवून चहाच्या पाण्यात उकळायची, आणि पोटाकडून पाठीकडं चिकटवत जायचं, उलटं केलं की थर बसत नाहीत. पहिली सोंड वितळली होती, म्हणून दुसऱ्या हत्तीची कापून लावली.

सोंडेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जोड केसांखाली झाकलेला होता.

"आन् चिखल तंबाखूचा हाय, आत्या. चुकलं तेवढं. आम्हाला वासच कळत न्हाई त्याचा."

"आन् मरतोय त्यो?"

"मरत न्हाई. भाईर निघालाय. सोंड कुठवर उचललीय बघा की."

आत्याबाईंनी नाकाला पदर लावून परत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "निघू दे बाई. लई अंगाचा हाय, येळ लागंल." बायका हसल्या आणि मांडवात परत गलका सुरू झाला.

ओठांवरचे शब्द तिथंच राहिले. सुमननं माझ्याकडं बघितलं नाही. आत गेली, आणि थोड्या वेळानं अक्षता पडल्या.

संध्याकाळी नवरदेवानं स्वतः तो पाट ट्रकमध्ये चढवला. "सुळ्यांना धरू नका, खालनं धरा," मी म्हणालो. त्या दिवसभरात मी एवढंच बोललो. त्यानंही मान हलवली आणि नीट, खालून धरला. वाईट वाटलं... नीट धरला म्हणून.

आज तीन-चार दिवस होतील, हाताला काम लागत नाही. मान खाली घालून विड्या वळणाऱ्या पोरीनं एवढं सगळं कधी बघितलं, याचाच विचार करत बसलोय. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो तेव्हा ती माझ्या हातांकडं बघत होती... आणि मला पत्ता नाही.

माझ्या हातून सोमवारी जे होणार होतं, ते तिनं होऊ दिलं नाही. उपकारच आहेत तिचे. तिला तसं सांगायला पाहिजे होतं... पण आता त्यासाठी खानापूरला कुठल्या तोंडानं जाऊ?