झेल्मा किनकेडचा निकाल

बकहॉर्न फोर्कच्या कोळसा-वस्तीत झेल्मा किनकेडला लहानथोर सगळे मावशी म्हणायचे. पंचविशीच्या आतली निम्मीअधिक वस्ती तिच्याच हातांवर जगात आली होती. नाल्याच्या अलीकडे गोरे राहायचे, पलीकडे काळ्या खाणकामगारांची घरं होती. तिथली सुईण थकल्यापासून तिकडची बाळंतपणंही झेल्माच करायची. तिला दोन्ही काठांवरची पोरं नावानिशी ठाऊक होती, आणि कोण पायाळू जन्मलं, कोणी रडायला उशीर लावला, हेसुद्धा.

बेसबॉलचं वेड तिला नवऱ्यामुळे लागलं. ऑर्व्हिल वस्तीच्या संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा गडी होता. दर शनिवारी ती त्याच्या मागे, तारेच्या जाळीला नाक लावून बसायची. घरी आल्यावर मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ पुढ्यात घेऊन ऑर्व्हिल विचारायचा, "तिसऱ्या डावातला तो शेवटचा चेंडू, काय होता गं?"

"बाहेर होता. दोन बोटं."

"मलाही तसंच वाटलं होतं," तो म्हणायचा, आणि मग समाधानाने जेवायचा.

एकोणीसशे अडतीस साली खाणीचं छत कोसळलं, त्यात ऑर्व्हिल गेला. झेल्माने जाळीमागची जागा मात्र सोडली नाही.

त्रेचाळीस साली वस्तीचा पंचही युद्धावर गेला. शेजारच्या वस्तीशी सामना चालू असताना एका चेंडूवरून दोन्ही संघ हमरीतुमरीवर आले. पंच म्हणून उभा केलेला दुकानातला कारकून घाबरून एकदा याला होकार द्यायचा, एकदा त्याला. झेल्माने विणकाम खाली ठेवलं.

"अरे, गप्प बसा! चेंडू गुडघ्याखाली होता. आंधळ्यालाही दिसला असता."

पाहुण्यांचा कप्तान कुत्सितपणे हसला. "एवढं कळतंय तर तुम्हीच या की, बाई!"

"येते," म्हणाली झेल्मा, आणि खरंच आली. कारकुनाने सुटकेचा निःश्वास टाकत तोंडावरची जाळी तिच्या हाती दिली. तिने ती डोक्यावरच्या रुमालावरून चढवली, झग्याचा घोळ आवरला आणि कॅचरच्या मागे वाकून उभी राहिली. पहिल्या दोन डावांत लोक हसले. तिसऱ्या डावापासून भांडायला लागले. तेव्हा तिला कळलं की आपल्याला पंच म्हणून मानलंय.

युद्ध संपलं, पोरं परतली. सेहेचाळीसच्या सप्टेंबरात, तिथल्या कामगार दिनाला, अलीकडच्या आणि पलीकडच्या संघांनी आपसात खेळावं असं ठरलं. असं आधी कधी घडलं नव्हतं. अलीकडच्या संघाचा कप्तान होता डॉर्सी, झेल्माच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पलीकडचा कप्तान ल्युशियस पेटवे, कॅचर, फ्रान्समधून नुकताच परतलेला. पंच कोण, यावर मात्र कुणी वाद घातला नाही.

"मावशी तुझी आहे," ल्युशियस डॉर्सीला म्हणाला.

"मग काय झालं? तुलाही तिनेच काढलंय बाहेर," डॉर्सी म्हणाला. "आणि मी नात्यातला म्हणून सूट देईल असं वाटत असेल, तर तिच्या घरी एकदा जेवायला ये. मला भांडी घासल्याशिवाय सोडत नाही."

सामना चुरशीचा झाला. नवव्या आणि शेवटच्या डावात अलीकडचे एका धावेने मागे होते आणि त्यांचे तीनपैकी दोन गडी बाद होते. दुसऱ्या तळावर डॉर्सी. फलंदाजाने चेंडू उजवीकडे लांब टोलावला आणि डॉर्सी सुटला. तिसरा तळ ओलांडून तो शेवटच्या, म्हणजे घरच्या तळाकडे धावला. पाय आधी तळाला लागला तर धाव आणि बरोबरी; चेंडू धरलेला हातमोजा आधी अंगाला लागला तर बाद आणि सामना संपला. लांबून चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा आला. ल्युशियसने तो पकडला, डॉर्सी घसरला, आणि लाल मातीचा लोट उठला.

झेल्मा त्यांच्यापासून दोन पावलांवर होती. तिने पाहिलं: हातमोजा नडगीला लागला, आणि मग पाय तळाला.

"बाद!"

मैदानात एकच गिल्ला उठला. खाणीचा मुकादम हार्लन स्टिल्टनर कुंपणावर चढून ओरडला, "झेल्मा! चष्मा लाव, चष्मा!"

"तुझा पोरगा पायाळू होता तेव्हा हेच डोळे होते, हार्लन!" झेल्माही तितक्याच मोठ्याने ओरडली. "तेव्हा नाही आली शंका?"

काहीजण हसले. पण सगळे नाही. एक बाटली येऊन तिच्या पायाशी फुटली. पलीकडच्या बायका मुलांना जवळ ओढून घेऊ लागल्या. ल्युशियस चेंडू मुठीत धरून उभा होता आणि त्याच्यामागे त्याचे आठ गडी हळूहळू गोळा होत होते. पण निकाल फिरवावा असं झेल्माच्या मनातही आलं नाही.

डॉर्सी मातीतून उठला. त्याने मावशीकडे एकदा पाहिलं, मग तो लोकांकडे वळला.

"लागला मला," तो ओरडला. "हातमोजा लागला! आधी लागला! अजून झोंबतंय. आता काय नडगी उघडी करून दाखवू?"

त्याने ल्युशियसपुढे हात केला. ल्युशियसने आधी चेंडू डाव्या हातात घेतला, मग डॉर्सीचा हात धरला.

घरी जायला निघालेल्या माणसांच्या पाठी झेल्माने बराच वेळ पाहिल्या. त्या हिवाळ्यात अलीकडच्या चार घरांनी बाळंतपणाला झेल्माऐवजी खाणकंपनीच्या डॉक्टरला बोलावलं. सख्खी बहीण चर्चमध्ये तिच्याजवळ न बसता दुसऱ्याच बाकावर बसू लागली. "पोटच्या पोरासारखा होता ना तुला?" एवढंच ती एकदा म्हणाली.

"आहेच," झेल्मा म्हणाली. "म्हणून तर तो खरं बोलला."

पुढच्या वर्षी पलीकडच्यांनी आपल्या मैदानावर बोलावलं. डॉर्सी दारोदार फिरला. कुणाची कंबर दुखत होती, कुणाच्या घरी पाहुणे होते. शेवटी नाल्यावरचा पूल ओलांडला तो सात जणांनी आणि झेल्माने.

ल्युशियसने मोजलं. "सातच?"

"सातच."

"सातांना हरवण्यात काय मजा? दोन गडी आमच्यातले घ्या." मग त्याने डोळे मिचकावले. "पण चांगले नाही हं देणार."

"तुझ्याकडे चांगले आहेत तरी कुठे?" डॉर्सी म्हणाला, आणि दोन्हीकडचे हसले.

अशा रीतीने बकहॉर्न फोर्कमध्ये गोरे आणि काळे एका संघातून पहिल्यांदा खेळले, माणसं कमी पडली म्हणून. ते दोघे वाईट अजिबात नव्हते. त्यातल्या एकाने आपल्याच भावाने टाकलेला चेंडू नाल्यात टोलावला आणि सात जणांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला हार्लन स्टिल्टनर खिशात हात घालून उभा होता. तो पूल ओलांडून आला नाही, पण सामना संपेपर्यंत गेलाही नाही. तिसऱ्या वर्षी पूल ओलांडणारे साताचे अकरा झाले. बहीणही आली. येताना तिने ॲपल पाय आणला आणि झेल्माच्या मांडीवर ठेवला.

झेल्माने पुढे सोळा वर्षं पंचगिरी केली. मग गुडघ्यांनी दगा दिला. एका कामगार दिनाच्या सकाळी तिने पंचाची जाळी डॉर्सीच्या हातात दिली.

"मी?" डॉर्सी दचकला. "मी तर जन्मभर पंचांशी भांडलोय."

"म्हणूनच. चोराच्या वाटा चोराला ठाऊक."

त्या दिवशी ती छत्रीखाली खुर्चीत बसली. शेजारी ल्युशियसची बायको होती. दोघी वाटाणे सोलत होत्या. पाचव्या डावात डॉर्सीने पहिला अवघड निकाल दिला, आणि आता पिकल्या केसांचा, संघाचा प्रशिक्षक झालेला ल्युशियस तरातरा चालत त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मावशीला विचार!" तो गरजला. "विचार तिला!"

दोघांनी वळून खुर्चीकडे पाहिलं. झेल्माला चेंडू स्वच्छ दिसला होता. तिने वाटाण्याची आणखी एक शेंग उचलली.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "पंच तो आहे."