न पाहिलेली स्लाइड

लॅबमध्ये त्यांना सगळे मामा म्हणत. सव्वीस वर्षं मामांचं काम एकच: रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजून त्यांत कुठल्या प्रकारच्या किती ते लिहायचं. एकूण आकडा मशीन देई, पण ते मशीन जुनं. प्रकार ओळखण्यात कच्चं. तिथे डोळेच लागत. परक्या माणसाची स्लाइड मामांनी न पाहता कधी सोडली नाही. सोडली ती घरच्या माणसाची.

घरचा माणूस म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी. दाजींचं सलून होतं आणि जीभ वस्ताऱ्याइतकीच धारदार. त्यांना लघवीला सारखं जावं लागू लागलं. गिऱ्हाइकाचा एक गाल फेसात तसाच ठेवून दाजी मागे पळत.

"अहो, म्हातारा होईन मी इथे बसून!" गिऱ्हाईक ओरडे.

"होऊन बसा, मग केस काळे करून देतो," आतून उत्तर येई.

पुढे लघवीतून रक्त गेलं आणि थट्टा थांबली.

ताई त्यांना लॅबमध्ये घेऊन आली तेव्हा बाहेर बावीस जण बसले होते. "तू कशाला ताटकळतेस? मी आहे ना!" म्हणत मामांनी दहा मिनिटांत रिपोर्ट तिच्या हातात ठेवला. मशीनने पांढऱ्या पेशी वाढल्याचं दाखवलं होतं, लक्षणं जंतुसंसर्गाची होती आणि अशा पेशंटचे आकडे साधारण कसे येतात हे मामांना तोंडपाठ होतं. तेच त्यांनी लिहिले. इओसिनोफिल नावाच्या पेशी: तीन. स्लाइड नंतर रंगवून खोक्यात ठेवली. पाहिली नाही.

त्या रिपोर्टवर डॉक्टरांनी जंतुसंसर्गच धरला. चार महिन्यांत अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. दाजींचे कपडे अंगावर लोंबू लागले, सलून दुपारनंतर बंद राहू लागलं. शेवटी सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड आणि एका जागी गाठीसारखी दिसली. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासायचं ठरलं. घरात त्या रोगाचं नाव कुणी काढेना.

ताईने फोनवर विचारलं, "तेव्हा रक्त नीट पाहिलं होतंस ना रे?"

"हो," मामा म्हणाले.

फोन ठेवून ते सरळ खोक्याकडे गेले. स्लाइड लेन्सखाली घेताच नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी समोर आल्या. मामांनी शंभर मोजल्या. चौतीस इओसिनोफिल. पुन्हा मोजल्या. छत्तीस.

त्यांनी ती स्लाइड डॉक्टरांपुढे ठेवली. परत तपासली, एवढंच सांगितलं. तुकड्याच्या तपासणीतही तेच निघालं. कॅन्सर नव्हता, याच पेशी मूत्राशयाच्या भिंतीत घुसल्या होत्या आणि तिथे सूज धरली होती. हा आजार इतका दुर्मीळ की डॉक्टरांनी तो आजवर पुस्तकातच पाहिला होता. स्टेरॉइड सुरू झाली आणि पंधरा दिवसांत रक्त थांबलं.

"तुमच्या भावाने नेमकं पकडलं," डॉक्टर ताईला म्हणाले. ताईने ते साऱ्या नातेवाइकांना सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी मामा तिच्याकडे गेले. ताई गॅलरीत शेजारणीशी बोलत होती. दाजी पलंगावर बसले होते.

"दाजी, पहिल्यांदा मी स्लाइड पाहिलीच नव्हती. आकडे मनाचे लिहिले. घरचं म्हणून घाई केली."

"चार महिने मी विचारत होतो, माझं काय चुकलं," दाजी म्हणाले. "बायकोचा हात सोडून मरायची तयारी केली मी, मामा."

"ताईला सांगतो आत्ता."

"खबरदार! माझं दुखणं तिने सोसलं. हे नाही सोसायची. तुझा जीव हलका करायला तिचा भाऊ हिरावून घेतोस?"

तेवढ्यात ताई शेजारणीला घेऊन आत आली. "हाच माझा भाऊ. हा होता म्हणून हे वाचले!"

मामांनी मान वर केली नाही.

"बघा, लाजतोय कसा," ताई म्हणाली.

"लाजूच दे त्याला," दाजी म्हणाले.