डबलचं सामान

वस्तू कशाला हवी, यापेक्षा तिला आणखी काय काय जोडता येईल याचा ध्यास घेतलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा वाशीमच्या कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांच्या छत्रीला पट्टा होता, चष्म्याला दोरी होती, दोरीला गुंडी होती, आणि ती गुंडी कशासाठी आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "राहू दे, कामी पडते."

देश स्वतंत्र होऊन चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. आत्याला विषमज्वर झाला आणि त्यात तिचे कान गेले. त्याआधी आतोबा रोज संध्याकाळी ओसरीवर बसून गात आणि आत्या चुलीपुढून त्यांच्या चुका काढी. कान गेले तसं घरातलं गाणंही गेलं. मग एकदा वरातीतला मोठा ढोल दारावरून गेला, तेव्हा ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "जाडा आवाज मले आतून समजते." तेवढ्या एका वाक्यावर आतोबांनी सिकंदराबादेकडच्या एका मोडलेल्या बँडकडून सगळ्यात जाड्या आवाजाचं वाद्य मागवलं. त्याचं नाव डबल बेस. ते आत्याला ऐकू यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आम्ही बैल जुंपून खाचर घेऊन स्टेशनवर गेलो. गाडीतून माणसाहून उंच, पोट सुटलेली सारंगी उतरली. आतोबा जागचे हलेनात. "बाबू, दुसरं कुठं हाये?" पार्सलबाबू म्हणाला, "एकच आलं." आतोबांनी पावती त्याच्या नाकासमोर धरली. "इथं डबल लिहेल हाये. हे तर सिंगल झालं!" गाडी अकोल्याकडे निघून गेली तरी आमचा शोध चालूच होता. आतोबांचं सोडा, मी मॅट्रिक झालेला माणूस, मीही गोदामात पोत्यांमागे वाकून दुसरी सारंगी शोधत होतो.

घरी आल्यावर खोळ शिवायला शिंपी बोलावला. त्याने इमानाने छाती आणि कंबर मोजली, मग टेप गळ्यात टाकून विचारलं, "बाह्या कुठं लावू?" बाह्या नकोत म्हटल्यावर तो रुसला, म्हणून आतोबांनी दोन खिसे लावायला सांगितले. सोबतच्या पिशवीतून वाद्य ढकलत न्यायचं एक चाक निघालं, एक लोखंडी टोक, नवे केस बसवलेला, तारांवर ओढायचा गज आणि एका डबीत तपकिरी खडा. चाक वर लावायचं की खाली, यात दोन दिवस गेले. टोक खाली लावून वाद्य उभं केलं तर ते आत्याच्या सारवलेल्या जमिनीत रुतून बुटकं व्हायला लागलं. शेवटी आत्याने डोक्यावर घागरीखाली ठेवायची आपली चुंबळ आणून टोकाखाली सरकवली. खडा मात्र तिने वास घेऊन ओळखला. "राळ व्हय हे. पूजेचं सामान दिलं त्याईनं."

दसऱ्याला वाद्याला हळदकुंकू वाहिलं आणि ती राळ निखाऱ्यावर टाकली. घरभर धूर झाला, सगळे खोकले, आतोबा प्रसन्न झाले. ती राळ गजाच्या केसांना घासायची असते आणि तिच्याशिवाय गज तारेवरून मुकाट घसरतो, हे पुढे वर्षभराने आम्हाला एका सारंगीवाल्याने सांगितलं.

पूजा आटोपल्यावर आतोबांनी गज ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला, कपाळाला घाम आला, तरी आवाज नाही. मला काहीच कळेना. आणि समोर बसलेली आत्या मान डोलवत होती! डोळे भरून म्हणाली, "लय गोड वाजून राह्यलं. समदं ऐकू येते मले." आतोबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. जे वाजलंच नाही ते आत्या ऐकत होती. आपला उरलासुरला कानही गेला असं तिला वाटलं असणार, आणि ते नवऱ्याला कळू नये म्हणून ती डोलत होती.

आतोबांनी गज बाजूला ठेवला आणि रागाने की दुःखाने कोण जाणे, सगळ्यात जाड तार अंगठ्याने ओढून सोडली. फळीवरची भांडी थरथरली. आत्या दचकली. तिने पुढे होऊन वाद्याच्या लाकडावर तळहात टेकला, अन् म्हणाली, "अवो, मंग मघा काय वाजवून राह्यले होते?"

"अन् तू मघा काय ऐकून राह्यली होती?" आतोबा म्हणाले. तिला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं. ती लाजून हसली.

त्या दिवसापासून ते पुन्हा गाऊ लागले. तार छेडत, बेसूर, मोठ्याने. आत्या लाकडावर हात ठेवून बसायची. तिच्यापर्यंत तारच पोचते, गाणं पोचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी मधेच एखादी ओळ जाणूनबुजून चुकवायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबायचे.